माझ्याविरुद्धचा रिपोर्ट

माझ्याविरुद्ध पहिला रिपोर्ट गेला, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. पोलीस खात्यात तीस वर्षे काढली. बक्षिसे मिळाली, शेरेही मिळाले. पण त्या रिपोर्टाइतके माझ्या उपयोगी दुसरे काही पडले नाही. तो लिहिणाऱ्या माणसाचे उपकार मी आजही मानतो.

गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरची. नाशिकच्या पोलीस शाळेतले शिक्षण संपवून मी इंदापूरच्या ठाण्यावर फौजदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो. वय पंचविशीच्या आत. हाताखाली एक जमादार आणि काही शिपाई. जमादार मोरगावकडचे, पन्नाशी उलटलेले, पेन्शनीला दोन वर्षे राहिलेली. सकाळची हजेरी झाली की ते स्टेशन डायरी उघडून बसत. कच्च्या कैदेत, म्हणजे ठाण्याच्या कोठडीत, कोण आहे, त्याला किती वाजता आणला, जेवला की नाही, सगळे बारीक अक्षरात लिहीत. मला ते रिकामटेकडेपण वाटे.

होळीच्या सुमारास कळसच्या पोलीस पाटलाची वर्दी आली. तिथल्या एका बागायतदाराच्या कडब्याच्या गंजी भर दुपारी जळून गेल्या होत्या. जनावरांची वर्षाची वैरण एका तासात राख झाली. बागायतदाराचा संशय बांधाशेजाऱ्यावर होता. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचे जुने भांडण, बोलणेचालणे बंद.

मी जागेवर पंचनामा केला. तो चालू असताना गावातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितले की, पेटलेल्या गंजीकडून शेजाऱ्याला पळत जाताना त्याने डोळ्यांनी पाहिले. शेजाऱ्याला बोलावले, तर त्याचे दोन्ही तळवे भाजलेले. मला आणखी पुरावा कशाला हवा होता? अटक करून मी त्याला इंदापूरला आणले.

तो सडपातळ, चाळिशीचा शेतकरी होता. त्याचे म्हणणे असे की, धूर दिसताच तो विझवायला धावला, पेटत्या पेंढ्या हातांनी ओढल्या आणि मग पाणी आणायला विहिरीकडे पळाला. मी तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा त्याने तेच सांगितले. एकही शब्द बदलत नाही, म्हणजे पाठ करून आलेला आहे, असा मी अर्थ काढला. चौथ्या वेळी मी कमरेचा पट्टा सोडला.

सहाव्या फटक्याला तो म्हणाला, "व्हय सायब, म्याच लावली."

तिथे तरी थांबायचे. पण मला आता आगपेटी कुठे टाकली तेही हवे होते. मी पट्टा पुन्हा उचलला, तेवढ्यात जमादार आत आले आणि त्यांनी माझे मनगट धरले. आवाज चढवला नाही. "बास सायब," एवढेच म्हणाले. मी हात सोडवून पाहिला, सुटला नाही. दारात दोन शिपाई उभे होते. त्यांच्यादेखत मला हाताखालच्या माणसाने अडवले, याचाच मला संताप आला.

जमादारांनी त्या माणसाला पाणी पाजले, सरकारी दवाखान्यातून डॉक्टर बोलावून वळांची नोंद करून घेतली. मग ते डायरी घेऊन बसले. मी लिहू नका म्हणालो. त्यांनी लिहिले. मी ते पान फाडायला सांगितले.

"पानांवर नंबर हायती, सायब," ते म्हणाले. "फाडलं तर नंबर बोलंल."

मी त्यांना पेन्शनीची आठवण करून दिली. आज ते लिहितानाही लाज वाटते. त्यांनी डायरी मिटून ठेवली. मग म्हणाले, "पेन्शनीचं माझं मी बघतो. पर ह्यो मानूस हितं सरकारच्या ताब्यात हाय, त्याला दुसरं कोन हाय?"

दुसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाबासाठी उभे करणार होतो. धाकाने त्याने तिथेही होच म्हटले असते आणि काही वर्षांची सक्तमजुरी भोगली असती. पण सकाळच्या सर्व्हिस मोटारीने जमादार बारामतीला गेले आणि तिथे बसणाऱ्या आमच्या वरिष्ठांच्या हाती त्यांनी रिपोर्ट दिला. निघण्यापूर्वी त्याची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली होती. माझ्याबद्दल त्यात एकही वावगा शब्द नव्हता. घडले तेवढेच होते. शेवटी मात्र त्यांनी लिहिले होते की, फटक्यांचा आवाज ऐकूनही आपण सहाव्या फटक्यापर्यंत बाहेर बसून राहिलो, हा आपला कसूर आहे आणि त्याची चौकशी व्हावी. ती ओळ वाचली आणि माझा राग तिथेच ओसरला.

वरिष्ठांनी कबुलीजबाब थांबवायचा हुकूम तारेने पाठवला. परतताना जमादार कळसला उतरले. त्यांच्या डोक्यात तळव्यांची गोष्ट घोळत होती. आग लावणारा काडी टाकून पाठ फिरवतो. दोन्ही तळवे भाजायचे तर पेटती पेंढी धरून ओढावीच लागते. मग भर दुपारी गंजीपाशी घरच्यांखेरीज दुसरे कोण असणार? बागायतदाराच्या ओसरीवर बसून त्यांनी घरच्या माणसांना काही विचारले नाही. शेजाऱ्याला मारहाण झाली, त्याने मारापोटी गुन्हा कबूल केला आणि आता तो बहुधा तुरुंगात जाईल, एवढेच सरळ सांगितले. बागायतदाराचे म्हातारे वडील जेवायला बसले होते. ते ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी ठाण्यासमोर थांबली. मुलाच्या आधाराने म्हातारा खाली उतरला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"गंजी माझ्या हातनं पेटली, फौजदारसायब. सावलीला चिलीम वढत बसलो हुतो, डोळा लागला. लेकाच्या भ्यानं बोललो न्हाय. त्या गरिबाला सोडा."

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. कच्च्या कैदेचे दार उघडल्यावर मात्र आधी तोच आत गेला आणि शेजाऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन आला. त्या दिवशी तिघे एकाच गाडीतून कळसला गेले.

माझी चौकशी झाली. मी काही नाकारले नाही. ठपका बसला, बढती लांबली. नोकरी राहिली ती मात्र जमादारांमुळे. कारण त्यांनी अडवले नसते, तर एका निरपराध माणसाचा तुरुंगवास आणि कदाचित त्याहून वाईट काही माझ्या नावावर लागले असते. पुढे मी कळसच्या चावडीवर जाऊन चार माणसांदेखत त्या शेतकऱ्याची माफी मागितली. त्याने ऐकून घेतले. माफ केले असे काही तो म्हणाला नाही. मी निघालो तेव्हा एवढेच म्हणाला, "जमादारास्नी रामराम सांगा."

दोन वर्षांनी जमादार पेन्शनीवर गेले. मी मुद्दाम मोरगावकडे त्यांच्या वस्तीवर गेलो. ते शेळ्यांना पाला टाकत होते. माझे आयुष्य तुम्ही सावरलेत, असे मी म्हणू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले.

"सायब, खोटं कशाला बोलू? म्या तुमच्यासाठी न्हाय लिवलं. त्या मानसासाठी लिवलं."

मग त्यांनी मला भाकरी खाऊ घातली.

त्यांचे ते बोलणे मला नोकरीभर पुरले. पोलिसाने पोलिसाला अडवावे ते खात्याच्या अब्रूसाठी किंवा सोबत्याच्या भल्यासाठी नव्हे. समोर मार खाणाऱ्याला त्या चार भिंतींत दुसरे कोणी नसते म्हणून. पुढे मी वरच्या हुद्द्यावर गेल्यावर एखादा शिपाई घाम पुसत येई आणि आपल्याच अंमलदाराने कोणावर हात टाकल्याचे सांगे. मी त्याला बसायला खुर्ची देई आणि कागद पुढे ठेवी. असे तीन रिपोर्ट आले; दोन माझ्या मर्जीतल्या माणसांविरुद्ध होते, आणि एक माझ्याच चुकीच्या हुकमाविरुद्ध. तिन्ही मी वर पाठवले, आणि तिन्ही वेळा लिहिणाऱ्याचे आभार मानले.