गोणपाटातलं पाणी

पौषातला रविवार, महायुद्ध संपल्यानंतरचा दुसरा हिवाळा. अकोल्यातलं आमचं घर, मागचं अंगण, दहाचं ऊन. हजर : मी; पातूरला भाजी-फुलांचा मळा करणारा माझा धाकटा भाऊ; अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली त्याची मुलगी. आणि बाजेवर माझ्या सासूबाई. शिवाय लाकडी पेटीतला सूक्ष्मदर्शक, कॉलेजातून सोमवारपर्यंत मागून आणलेला.

हे सारं माझ्या वहीत आहे. घरातली कामं मी लिहून ठेवते आणि झाली की खूण करते. त्या दिवशी सात कामं होती. पहिलं रोजचंच : साठवलेलं पाणी उकळणे. पाचवं : भावाचं गोणपाट धुणे. सातवं : अर्जावर सही.

अर्ज नागपूरचा, पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा. त्यावर वडिलांची सही हवी होती आणि तो सोमवारच्या टपालात पडायला हवा होता. भाऊ नाही म्हणत नव्हता आणि होही म्हणत नव्हता. "पोरीनं दोन वर्षं जंतू पाहाचे, अन् मंग?" एवढंच तो विचारी. दर्यापूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. भाची मला म्हणाली, "मी काय पाहते ते बाबांनी एकदा पाहावं. मग नाही म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही."

गुरुवारी आमच्याकडे आल्या आल्या तिने तांब्याभर पाण्यात कडब्याचे तुकडे भिजत घातले होते. "आत्या, एवढं पाणी सांभाळ," म्हणाली. मी सांभाळलं.

रविवारी भाऊ पहिल्या मोटारीने आला. मेथी, पालक आणि झेंडूची फुलं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. भाचीने आरशावर ऊन घेतलं, काचेवर तांब्यातलं पाणी ठेवलं आणि केसासारख्या बारीक दोन नळ्या काढल्या. एकीत तुरीच्या डाळीचं अळणी पाणी, दुसरीत नुसतं पाणी. "जंतूले ना डोये ना नाक," ती बापाला सांगू लागली. "पण खाणं कुठं आहे ते त्याले समजते. पाहा तुमी, डाळीच्या नळीच्या तोंडाशी गर्दी होईन. दुसरी नळी तुलनेसाठी."

तुलनेसाठी वेगळी नळी ही गोष्ट मला फार पटली.

तिने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडे वळली. "आत्या, यात काहीच हलत नाही."

"हलेल कशाला? सकाळी चांगलं खळखळून उकळलंय. वर साय धरली होती, वास येत होता. गाळून पुन्हा तांब्यात भरून ठेवलं." आदल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पटकी आली होती. तेव्हापासून या घरात न उकळलेलं पाणी राहत नसे.

भाचीचा चेहरा पडला. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "घ्या! पावन्यासाठी डाळ शिजवली अन् पावनेच उकळून टाकले!"

भाऊ खो खो हसला आणि उठला. "चाल बाई, मी निंगतो. बाराची मोटार आहे. पाह्यलं समज."

भाची मात्र भिंतीकडे पाहत होती. तिथे गोणपाट पडलं होतं. आमच्या माहेरी भाजीचं गोणपाट धुवत नाहीत. धुतलं की भाजी लवकर सुकते, असं मानतात. विहिरीच्या थारोळ्यात साचलेल्या पाण्यात बुडवायचं, भाजी गुंडाळायची, पुन्हा बुडवायचं. माझा त्यावर कितीक वर्षांपासून डोळा होता. पाचव्या कामाला मी अजून हात घातला नव्हता, हे नशीब.

तिने गोणपाटाचं टोक पिळलं. काळपट थेंब काचेवर पडला. नव्या नळ्या भरल्या. "बाबा, पंधरा मिनिटं बसा."

"दहा," भाऊ म्हणाला आणि चहा मागितला.

चहा पिऊन झाल्यावर त्याने एक डोळा मिटून दुसरा लावला. "बाप्पा! हे काय वळवळून राह्यलं?"

"तुमच्या गोणपाटातलं. आता डाळीच्या नळीकडं पाहा."

त्याने ती पाहिली. मग दुसरी नळी पाहिली, पुन्हा पहिली. "इकडं जत्रा भरली अन् तिकडं कोणी नाई. यायले सांगतलं कोनं?"

माझा नंबर तिसरा लागला. नळीच्या तोंडाशी ठिपक्यांचा ढग जमला होता.

मग भाचीने वही काढली. परदेशी मासिकातलं एक छोटं टिपण तिने उतरवून घेतलं होतं. "जंतूचे दोन वाण घेतले. जगायले लागणारी एक गोष्ट याले बनवता येत नाही, दुसरी त्याले येत नाही. साध्या अन्नावर एकेकटे दोघंही उपाशी मरतात. मग दोघं एकत्र वाढवले अन् साध्या अन्नावर टाकले. त्यातले थोडे जगले. त्यांची पोरंही जगली."

"कलमच झालं हे," भाऊ म्हणाला. "जंभेरी लिंबावर संत्र्याचा डोया बांधतो तसं."

"कलमाच्या संत्र्याची बी लावली, तं जंभेरीचा गुण त्याच्यात येते का?"

"कसा येईन?"

"इथं येते. एकाचा गुण दुसऱ्याच्या वंशात जाते."

भाऊ विचारात पडला. मळेवाल्याला वाण आणि बी समजावून सांगावं लागत नाही. "देतात कसा तो गुण?"

"ते अजून कोणालेच समजलं नाही."

"आमच्या गोणपाटातलेही देत असतीन?"

"माहीत नाही. पाहावं लागेल."

"कोन पाहीन?"

भावाने धोतराला हात पुसले आणि मला म्हणाला, "बाई, दौत-लेखणी आण. दर्यापूरवाल्याले मी सांगतो, दोन वर्षं थांबत असशील तं थांब."

सातव्या कामावर मी तिथेच खूण केली. अर्ज सोमवारी गेला, सूक्ष्मदर्शकही वेळेवर परत गेला. मी गोणपाट उचलून न्हाणीकडे निघाले तेव्हा बापलेक दोघंही एकदम ओरडले, "धुऊ नको!" आधी त्याचं पाणी नागपूरला न्यायचं आहे, त्यातले एकमेकांना काही देतात का ते पाहायचं आहे, मग धू, असं भाचीने सांगितलं.

नागपूरला जाताना ती एक बाटली भरून घेऊन गेली. उत्तर अजून आलेलं नाही. त्या पानावर सहा कामांपुढे खूण आहे. पाचवं राहिलं आहे.