कोहळ्याचा लंबक

ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावर माझा संपूर्ण विश्वास आहे. फक्त तो माझ्या नाकासमोर सिद्ध होऊ नये, एवढंच माझं म्हणणं असतं.

बावीस वर्षं मी फळ्यावर लंबक काढून सांगत आलोय : वजन नाकाला टेकवा, नुसतं सोडा, ढकलू नका, जागचे हलू नका. परत येताना ते नाकाला लागणार नाही. बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने "सर, करून दाखवा" म्हटलं नाही. (गुणी मुलं!) म्हटलं ते माझ्या सहावीतल्या मुलीने, रेवाने. तेही मांजरी गावातल्या आमच्या नव्या सोसायटीची दहा-बारा मुलं गोळा करून.

"माझा बाबा इंचभरही हलणार नाही," तिने परस्पर जाहीर केलं. "हलला तर मी महिनाभर तुमच्या सगळ्यांच्या सायकली पुसेन!"

पोरीची इज्जत माझ्या नाकावर येऊन बसली होती.

वजन म्हणून मला सापडला कोहळा. सासूबाईंनी लोणी काळभोरहून नव्या घराच्या दाराला बांधायला पाठवलेला. चांगला चार किलोंचा, गोल, वर शिंक्यात बांधलेला! असा लंबक प्रयोगशाळेतही मिळत नाही.

"अहो, तो दृष्ट लागू नये म्हणून असतो," बायको म्हणाली. "आई संध्याकाळी येऊन स्वतः बांधणार आहे. त्याला ओरखडा जरी आला ना..."

"दुपारी जागेवर आणून ठेवतो."

"ठेवा. नाहीतर तिच्याशी तुम्हीच बोला."

पार्किंगच्या छताच्या हुकाला मी दोरी बांधली. गाठ तीनदा तपासली. मग आठवलं, नायलॉनची दोरी ताणली जाते. सुती आणली. मग वाटलं, सुती तुटते. एवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले.

"आपण काय टांगताय?"

"लंबक. शास्त्रीय प्रयोग आहे."

"असं होय? मला वाटलं, मेंटेनन्स वाढवल्याचा निषेध."

मुलं जमली. मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो. कोहळा नाकाला टेकला. गार लागला.

"बाबा, घाबरलायस?" रेवाने हळूच विचारलं.

"छे! विज्ञानात भीतीला जागा नसते," मी म्हणालो. (भयंकर भीती वाटत होती.)

सोडला. कोहळा डौलात दूर गेला, क्षणभर थांबला आणि परत निघाला. मी हललो नाही! डोळेसुद्धा मिटले नाहीत. रेवाचा चेहरा फुलला. आणि तेवढ्यात डाव्या बाजूने आवाज आला.

"अवो जावायबापू, हितं काय करताय?"

सासूबाई! हातात पिशवी, दुपारचीच बस धरून आलेल्या. आता चौदा वर्षांची सवय ती. सासूबाई दिसल्या की माझी कंबर आपोआप वाकते. मी एक पाऊल पुढे झालो, नमस्काराला वाकलो आणि डोकं बरोब्बर लंबकाच्या वाटेत दिलं.

धप्प! परतीच्या टोकाला वेग कमी असतो म्हणून कपाळाला नुसतंच टेंगूळ आलं. कोहळा मात्र शिंक्यातून निसटला आणि फरशीवर दुभंगला.

मी जीव मुठीत धरून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी फुटका कोहळा पाहिला, टेंगूळ पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"बरं झालं! घरावरचं संकट कोहळ्यानं घेतलं. थोडं तुमी घेतलं. दुसरा धाडते."

मुलं मात्र एवढी उदार नव्हती. "हलले! काका हलले!"

"पण ते आजीमुळे..." रेवाने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. शिक्षा मी माझ्याकडे घेतली.

गेले तीन आठवडे रोज सकाळी मी बारा सायकली पुसतो. रेवा शेजारी उभी राहून मुलांना समजावते, "आता बाबा घर्षण करून दाखवतोय." हा प्रयोग मात्र माझा एकदाही फसलेला नाही.