हरलेल्याने करायचा विडा

आमच्या घरात युरोपवरून जेवढी भांडणं झाली तेवढी वाटण्यांवरूनही झाली नसतील. वाटून घ्यावं असं आमच्याकडे काही नव्हतंच, ते सोडा. कुंभकोणमच्या आमच्या घरापुढे रस्त्याला लागून एक बसका ओटा आहे, त्याला तिण्णई म्हणतात. संध्याकाळी कापीचे, म्हणजे कॉफीचे, पेले रिकामे झाले की तिच्या एका टोकाला अप्पा, दुसऱ्या टोकाला काका आणि मधे पितळेचा पानाचा डबा. इंग्लंडने युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडायचं ठरवलं त्या आठवड्यात हा वाद सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. आता काका मुलाकडे कोइमतूरला राहायला गेले. तिण्णई आहे तशीच आहे, पण संध्याकाळी तिथे मला बसवत नाही.

अप्पा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. काका त्यांचे धाकटे भाऊ, त्यांचं पितळी समयांचं दुकान. काकांच्या समया बोटीने लंडनच्या एका तमिळ व्यापाऱ्याकडे जायच्या आणि तो त्या पुढे पॅरिसला, जर्मनीला पाठवायचा. म्हणजे ह्या वादात खरं तर काकांचं पोट अडकलेलं आणि अप्पांची फक्त जीभ. पण बाजू बघाल तर उलट्या. अप्पा म्हणत, इंग्लंड बुडालं. काका म्हणत, फार उत्तम केलं.

इंग्लंड खरोखर बाहेर पडलं आणि नव्या कागदपत्रांच्या घोळात काकांची खोकी लंडन आणि पॅरिसच्या मधेच कुठेतरी अडकून बसली. कार्तिकातले दिवे लावून झाले तरी समया पोचल्या नाहीत. ते कळलं त्या दिवशी अप्पांना जो आनंद झाला तो सख्ख्या भावाला शोभणारा नव्हता.

"काय रे, कोठें गेल्या तुझ्या समया?"

"राहूं दे, अण्णा. आज अडकल्या, उद्यां इंग्रज थेट आपल्याशीं करार करतील. आपल्या सारांत मीठ किती घालायाचें हें शेजाऱ्यास विचारून कोण घालतो?"

"विचारूं नको. पण शेजारी कागद न मागतां मीठ देत होता, तें बंद झालें त्याचें काय?"

आमच्या घरची मराठी ही अशी. मराठे राजांच्या वेळी पूर्वजांनी जी गाठोड्यात बांधून इकडे आणली तीच आम्ही अजून वापरतो, वरून तमिळची फोडणी. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ही जी मी लिहिते आहे ती नीटनेटकी मराठी मी लंडनमध्ये शिकले. तिथे एका पुण्याच्या मुलीबरोबर खोली घेऊन राहत होते. पहिला महिनाभर ती माझं बोलणं ऐकून हसत होती. मग मी एकदा तिच्यावर चांगलीच उखडले, तेव्हापासून ती मुकाट्याने शिकवू लागली.

काकांचा हुकमी पत्ता म्हणजे आम्ही स्वतः. "आपणही महाराष्ट्रांतून बाहेर पडलोंच कीं. काय बिघडलें?" असं म्हणून ते विजयी मुद्रेने पानाला चुना लावत. ह्यावर अप्पा पुण्याची गोष्ट काढत. तरुणपणी एकदा ते पुण्यात छत्री घ्यायला गेले आणि दुकानदाराशी ऐटीत मराठीत बोलले. दुकानदार त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्याने हिंदीत उत्तर दिलं. "मीं मराठींत विचारतों आणि तो मज हिंदींत सांगतो! हें बिघडलें," अप्पा म्हणत. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेन. दर वेळी छत्री थोडी महाग होत गेली.

आजोबांच्या वेळेपासून आमच्या तिण्णईवर एक रिवाज होता. एरवी ज्याने त्याने आपला विडा आपण करून खायचा. पण वादात जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला स्वतःच्या हाताने विडा करून द्यायचा, आणि तोही 'सेरी' म्हणून. सेरी म्हणजे तमिळमध्ये बरं, पण आमच्याकडे त्या वेळी त्याचा अर्थ हरलो असा होई. आडुतुरैला कुठली गाडी थांबते, असल्या फुटकळ वादांत रोज विडे इकडून तिकडे जात. युरोपवर मात्र एकही विडा झाला नाही. दोघेही मानी. ह्या एका वादात हार मानली असती तर दोघांनाही जेवण गोड लागलं नसतं.

मी लंडनमध्ये नोकरीला असल्यामुळे माझी नेमणूक साक्षीदार म्हणून झाली. रविवारी फोन केला की आई तो तिण्णईवर नेऊन ठेवी. कशी आहेस, जेवलीस का, हे तिने विचारून होईतो हे दोघे दम धरत आणि मग माझी उलटतपासणी सुरू होई. एका हिवाळ्यात तिकडच्या दुकानांत टोमॅटो मिळेनासे झाले. मी सहज बोलून गेले आणि पस्तावले. अप्पा म्हणाले, बाहेर पडल्याचा परिणाम. काका म्हणाले, स्पेनमध्ये थंडी पडली त्याला इंग्लंडने काय करावं. पुढचे दोन महिने मला दर रविवारी टोमॅटो आले का ते सांगावं लागत होतं. तेव्हा वैताग यायचा. आज तो फोन परत यावा म्हणून काय वाट्टेल ते देईन.

मग माझीच पाळी आली. आमच्या कंपनीला युरोपातल्या गिऱ्हाइकांचं काम लंडनमधून करता येईना, म्हणून त्यांनी आमचा सगळा विभाग उचलून डब्लिनला नेला. काही माणसं बरोबर नेली. त्यांत मी नव्हते. व्हिसा नोकरीवर टांगलेला, दुसरी नोकरी मुदतीत मिळाली नाही, तेव्हा गाशा गुंडाळणं आलं. घरी मी सांगितलं, कंटाळा आला, मीच सोडली.

नोकरी गेल्याचं दुःख होतंच. माझ्या लंडनच्या नोकरीची बातमी अप्पांनी गल्लीतल्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलेली. पण मला धास्ती होती ती वेगळी. खरं कळलं असतं तर मी अप्पांचा पुरावा झाले असते. आधी समया, मग टोमॅटो, मग मी. चाळिशीला आलेल्या बाईला आपल्या बापाच्या मुद्द्यात उदाहरण म्हणून जाऊन बसायचं नव्हतं.

घरी आले त्या संध्याकाळी आईने मुद्दाम माझ्या आवडीची डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, केली होती. मी तिण्णईवर दोघांच्या मधे बसले. काका खुशीत होते.

"पाहा अण्णा, हीही बाहेर पडली. आपल्या रक्तांतच आहे तें. कां ग, तुझी कंपनी कशी आहे? आहे ना जागच्या जागीं?"

"डब्लिनला गेली," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. प्रवासाने डोकं जड झालेलं, आणि इतकी वर्षं ह्या तिण्णईला मी खरंच सांगत आले होते. "आमचा अख्खा विभाग नेला."

मी मान खाली घातली. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला पुढचं कुणी समजावून सांगायला नको होतं. इतक्या वर्षांचा वाद जिंकायला त्यांना आता एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्या शेजारी बसलं होतं.

अप्पांनी पानाचा डबा ओढला. कोवळं पान निवडून धोतराला पुसलं, देठ खुडला, चुना लावला. अडकित्त्याने सुपारी बारीक कातरली, सावकाश. विडा करून त्यांनी तो काकांपुढे धरला.

"सेरी," ते म्हणाले. "तुझें खरें. बाहेर पडून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं."

ज्या विड्यासाठी काका इतकी वर्षं भांडले तो त्यांनी हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता तोंडात घातला. एरवी त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली असती. त्यानंतर युरोपचा विषय आमच्या तिण्णईवर कधी निघाला नाही. मला इथूनच करता येईल असं काम हळूहळू मिळालं. तरी त्या संध्याकाळबद्दल मी अप्पांशी बोलले नव्हते.

काका कोइमतूरला गेले त्या दिवशी अप्पा तिण्णईवर एकटेच बसलेले दिसले. मी जाऊन काकांच्या जागी बसले.

"अप्पा, नोकरी मी सोडली नव्हती. गेली होती. तुमचंच खरं होतं."

"मज ठाऊक आहे."

"मग विडा का दिलात?"

अप्पा चिडलेच. "तूं हरून घरीं आलीस म्हणून मीं जिंकायाचें कां?"

मला एकदम रडू आलं. ते आवरून मी डबा पुढे ओढला आणि सेरी म्हणून त्यांच्यासाठी विडा केला. चुना जास्त झाला होता, पण अप्पांनी तो पूर्ण खाल्ला.