वडीलधाऱ्यांचं औषध

स्टँडवर रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिचं तोंड ठाऊक नव्हतं, आवाज मात्र पाठ होता. चौकशीच्या खिडकीमागे एक कोंदट खोली होती. तिथे डुगडुगत्या खुर्चीवर बसून ती माइकवर गाड्या पुकारायची. गाडी कुठली, फलाट कुठला, एवढ्यावर तिचं भागत नसे. "टोपलीवाल्या मावशी, धावू नका, ड्रायव्हर अजून चहा पितोय," असंही ती सांगायची आणि मावशींचा जीव भांड्यात पडायचा. लोक तिला 'पुकारवाली' म्हणत. हे नाव ती दागिन्यासारखं मिरवायची.

थंडी आली की मात्र तिच्या जिवाला घोर लागे. सर्दी एकदा घरात शिरली की मुक्काम ठोकायची. आधी दोन्ही पोरं शिंकायची, मग घड्याळं दुरुस्त करणारा नवरा, मग कंडक्टरकीतून निवृत्त झालेले सासरे, आणि सगळ्यांचं उरलंसुरलं हिच्या गळ्यात पडायचं. मागच्या थंडीत तिचा आवाज असा बसला की लोक भलत्याच फलाटावर जाऊन उभे राहिले. यंदा स्टँडच्या साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा आवाज गेला तर पुकारायचं यंत्र आणणार. यंत्राला सर्दी होत नाही, हेही त्यांनी वर ऐकवलं.

तिने नणंदेला फोनवर सारं सांगितलं. नणंद दूर परदेशात नर्स होती. बघते, काहीतरी पाठवते, म्हणाली.

बाटली आली तेव्हा पुकारवाली कामावर होती. नवऱ्याने भिंग लावून वरचं नाव वाचलं, एल्डरबेरी. बाकीची अक्षरं मुंगीएवढी होती, ती त्याने सोडून दिली. एल्डर म्हणजे वडीलधारे, तेव्हा हे वडीलधाऱ्यांचं औषध, असा त्याने निवाडा दिला. सासऱ्यांची छाती फुगली. लेकीने आठवण ठेवली. सकाळ-संध्याकाळ ते जांभळं, गोड सिरप चमच्याने घ्यायचे आणि सगळ्यांदेखत मिटक्या मारायचे. पोरांनी जीभ पुढे केली की म्हणायचे, आधी म्हातारे व्हा.

पुकारवालीच्या मनात आलं, शेवटी लेक ती बापाचीच. पण बोलायचं कसं?

मग पोरं शिंकू लागली. नवऱ्याचं नाक गळू लागलं. औषधाने म्हणा की नशिबाने, सासरे तेवढे ठणठणीत होते. एका सकाळी पुकारवालीच्या घशात खवखव सुरू झाली. तेवढ्यात नणंदेचा फोन आला, औषध सगळे घेताय ना म्हणून. खरा प्रकार कळला तशी ती हसून हसून बेजार झाली.

"अगं वहिनी, ते झाडाचं नाव आहे. वयाचं नाही! तुम्हा सगळ्यांसाठी पाठवलं होतं."

हसू आवरल्यावर तिने हेही सांगितलं, की सर्दी पळतेच अशी हमी कुणी देत नाही, काहींना बरं वाटतं एवढंच.

बाटली रिकामी झाली होती. सासऱ्यांनी ती उलटी धरून पाहिली. चेहरा असा, की जणू तिकीट न फाडताच गाडीभर माणसं उतरवली. मग एकदम कंडक्टरच्या आवाजात त्यांनी हुकूम सोडला.

"सूनबाई, तू बाहेरच्या खोलीत. शिंकणारे सगळे माझ्या ताब्यात."

आणि त्यांनी खरंच घर चालवलं. रुमाल धुतले, खिडक्या उघडल्या, पोरांना आईच्या गळ्यात पडू दिलं नाही. नवरा जरा जवळ सरकला की, पुढे सरका, मागे जागा आहे, असं सुनावायचे. सुनेच्या हातात कोमट पाण्याचा पेला देत आणि घरी तोंड उघडू नकोस, असा दम भरत. लग्न झाल्यापासून तिची एवढी बडदास्त कुणी ठेवली नव्हती. घसा दुखत होता तरी तिला मनातून गुदगुल्या होत होत्या.

स्टँडवर त्या आठवड्यात ती पुकारत होती, पण आवाज खाली उतरला होता, मडक्यात बोलल्यासारखा. साहेब कान टवकारून खोलीत आले.

"काय हो, बसला ना आवाज?"

तिने माइक बंद केला. "बसला नाही साहेब, जरा टेकलाय."

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. एवढ्यात बाहेर लोक बरोबर त्याच फलाटाकडे निघाले, जो तिने आत्ताच पुकारला होता. साहेब खिडकीतून ते बघत राहिले. मग म्हणाले, यंत्राला असं टेकता यायचं नाही, यंदा राहू द्या. जाता जाता त्यांनी एक शिंक दिली. पुकारवालीने चटकन पदर नाकाला लावला, माइक सुरू केला आणि पुढची गाडी जरा खर्जात पुकारली.