पाणीमावशीनं तोंड उघडलं

वस्तीत कुणी गेलं की घरातल्या एकीनं पाणी तापायला ठेवायचं आणि दुसरीनं पाणीमावशीला बोलवायला धावायचं, असा शिरस्ताच होता. मेलेल्याला शेवटची आंघोळ घालायची, केस विंचरायचे, जबडा फडक्यानं बांधायचा, धुतलेले कपडे चढवायचे. हे काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं. एरवी ती बस डेपोमागच्या लॉजवर चादरी धुवायची, पोट त्याच्यावर चालायचं. मेलेल्याच्या कामाचं कुणी हातावर काही ठेवलं तर घ्यायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. तिचं खरं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं. पोरं पाठीमागून पाणीमावशी म्हणायची, पुढं मोठीही तेच म्हणायला लागली.

लोकांचा तिच्यावर विश्वास होता, आणि तो काही आयता मिळालेला नव्हता. खोलीचं दार लावून ती आत एकटीच असायची. बोटात रुतलेली अंगठी साबण लावून हलकेच काढायची आणि बाहेर येऊन चारचौघांदेखत घरच्यांच्या तळहातावर ठेवायची. आणि आत जे दिसेल ते आतच सोडून यायची. एका मोठ्या मानाच्या माणसाच्या पाठीवर चटक्यांचे जुने वण होते. सदा हसणाऱ्या एका शिवणकामवाल्या बाईच्या छातीवर फुटलेली गाठ होती, नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता तिनं. कुणी काही विचारलंच तर मावशीचं उत्तर ठरलेलं, "चेहरा शांत होता." बाकी सगळं गिळून टाकायचं.

पण गिळायला तरी किती गिळणार? म्हातारी माणसं मरून तिच्या हाताखाली यायचीच, त्याचं काही नव्हतं. आता मात्र ज्यांची अजून वेळ झाली नव्हती अशी येत होती. जखमा चिघळलेली, दुखणं दडपलेली, खर्चाच्या भीतीनं दवाखान्याचं तोंड न पाहिलेली. शिवणकामवाल्या बाईला आंघोळ घालून आली त्या दिवशी मावशीला घास गेला नाही.

अशातच मोठ्या इस्पितळाच्या मदत कक्षातली एक तरुण बाई तिला शोधत लॉजच्या मागच्या अंगणात आली. वाळत घातलेल्या चादरींतून वाट काढता काढता तिचा एक खांदा भिजला.

"ज्यांची कमाई कमी आहे त्यांच्या उपचाराचा खर्च आमची योजना उचलते," ती सांगू लागली. "मदत आहे, माणसंच येत नाहीत. भोंगा फिरवून झाला, पत्रकं वाटून झाली. तुमच्या वस्तीनं ती पत्रकं कपाटाच्या फळ्यांवर अंथरली. आम्हाला आतलं माणूस हवंय, मावशी. ज्याला विचारलं त्यानं तुमच्याकडेच बोट दाखवलं. लोक तुमचं ऐकतात म्हणे."

मावशीनं चादर पिळली. "बाई, मी ज्यांच्याकडे जाते त्यांना ऐकूच येत नसतं."

बाईला हसावं की नाही तेच कळेना. मावशीला मात्र शिवणकामवाली आठवली, आणि ती हो म्हणाली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. पाणीमावशी जिवंत माणसाच्या दारात उभी राहिली की घरातले दार लोटून घ्यायचे. एकीनं दाराच्या फटीतूनच सुनावलं, "अजून सगळे आहेत आमच्याकडे, तुम्ही पुढं व्हा!" गल्लीच्या टोकाला खोकणारा म्हातारा घड्याळजी होता. तो म्हणाला, "माप घ्यायला आलीस होय?"

"तुझं माप डोळ्यांनीच घेतलं. पण आत्ता मला सवड नाही, तोवर दवाखान्यात जाऊन ये."

घड्याळजी हसता हसता इतका खोकला की भिंत धरावी लागली. पहिला तोच गेला. औषधं सुरू झाली, खोकला उतरला, आणि वस्तीत तो फुशारक्या मारत सांगू लागला की पाणीमावशीला रिकाम्या हातानं परत पाठवणारा मीच पहिला. मग एकेक करून आणखी काही जण आले. मावशी त्यांना मदत कक्षात घेऊन जायची, रांगेत शेजारी बसायची.

एक दिवस नळावर गवंड्याची बायको तिच्याजवळ सरकली. "मावशी, यांच्या पायाला जखम झालीय. भरतच नाही. मला बघूही देत नाहीत. तुम्ही या ना एकदा. तुमचा शब्द मोडणार नाहीत."

गवंडी मावशीच्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्याचा मोठा भाऊही गवंडी होता, काही वर्षांपूर्वी गेला. झोपेत हृदय बंद पडलं, असं सगळी वस्ती जाणून होती. मावशी गेली तेव्हा गवंडी खाटेवर बसला होता, पायात बूट तसेच. कोपऱ्यात त्याची आई मांडीवर सुपलं घेऊन तांदूळ निवडत होती.

"मावशी, तू चहा घे," गवंडी म्हणाला, "आणि त्या मदतीचं सोडून दुसरं काहीही बोल. सही केली की घर लिहून घेतात, सगळ्यांना माहितीय. आणि मुकादमाला कळलं तर? आजारी गवंड्याला परांचीवर कोण चढवणार?"

"घरबिर कुणी लिहून घेत नाही. घड्याळजीचं घेतलं का?"

"घड्याळजीच्या घराला छप्पर तरी आहे का घ्यायला?" तो स्वतःच हसला. "बरा होईन मी. हळद लावतोय."

मावशीनं समजावलं, दटावलं, बायकोची शपथ घातली. गवंडी पालथ्या घड्यासारखा. ती उठायला वाकली आणि तिला वास आला. तो वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. आजवर तो तिला फक्त दार लावलेल्या खोलीत आला होता.

ती परत खाली बसली. म्हणाली, "तुझ्या दादाच्या पायाला असाच वास होता."

सुपल्यातला हात थांबला.

"दादाचं काय? दादा झोपेत गेला."

"तसं सांगितलं आम्ही सगळ्यांना. दोन बोटं गळून पडली होती त्याची. टाचेपर्यंत काळं पडलं होतं. मोजा सुटेना, ओढला तर कातडीसकट आला. तुझ्या आईनं माझे हात धरले, म्हणाली, कुणाला बोलू नकोस, धाकट्याला तर नाहीच नाही. मी पाय कापडात बांधला आणि वरून नवे मोजे चढवले."

गवंड्यानं आईकडे बघितलं. "आई, तुला माहीत होतं?"

म्हातारी तांदळाकडे बघत म्हणाली, "तो म्हणाला, धाकट्याचं लग्न होऊन जाऊ दे, खर्च आहे, मग दाखवतो. मी म्हटलं, बरं." तिनं सुपलं खाली ठेवलं. "मी बरं म्हटलं रे."

दारात उभी असलेली गवंड्याची बायको हे ऐकत होती. लग्न तिचंच होतं.

गवंडी उठला. दुखऱ्या पायावर भार आला तशी त्याची मान ताठली. "निघा तुम्ही," तो म्हणाला. जन्मभर ज्या मावशीला त्यानं अगंतुगं केलं, तिला आज तो तुम्ही म्हणाला. "मेलेल्याचं अंग चव्हाट्यावर मांडलंत. उद्या माझंही मांडाल."

त्याच आठवड्यात बायकोनं त्याला मदत कक्षात नेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. खर्च योजनेनं उचलला, माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर हाती काही लागलं नसतं.

पण वस्तीत बातमी माणूस वाचल्याची पसरली नाही. पसरली ती दुसरीच. पाणीमावशी बोलते. ज्याला त्याला आपापलं मेलेलं माणूस आठवलं. हिनं काय पाहिलं असेल? कुणाकुणाला सांगितलं असेल? नळावर ती आली की बायका कळशी अर्धीच भरून निघायच्या. शिवणकामवाल्या बाईचा नवरा तर थेट घरी आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"माझ्या बायकोला काय झालं होतं?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. चांगला माणूस होता, बायकोवर जीव होता त्याचा. खरं सांगितलं असतं तर उरलेलं आयुष्य स्वतःला खात बसला असता. "चेहरा शांत होता तिचा," ती म्हणाली.

"तिकडं बोललीस ना सगळं? मग इथं का नाही?" तो उंबऱ्यावरूनच मागं फिरला. मावशी बोलली तरी गुन्हेगार होती, आणि आता गप्प राहिली तरीही.

गवंड्याची आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तिनं हळूहळू जेवण सोडलं. पूर्वी ती मावशीला म्हणायची, माझं तूच करायचंस बाई, दुसऱ्या कुणाचा हात नको. ती गेली त्या दिवशी मावशी सकाळपासून तयार होऊन बसली होती. हाक आली नाही. म्हातारीला मुलगी नव्हती. सून आणि शेजारीण दोघींनीच केलं सगळं. भांड्यांचा आवाज मावशीच्या खिडकीपर्यंत येत होता. समोरच्या झरोक्यातून वाफ बाहेर पडत होती. पाणी फार तापवलं होतं त्यांनी. कोमट लागतं, हे सांगायला ती उठली आणि आपल्याच दारातून परत फिरली.

मदत कक्षातली बाई आली ती खाली मान घालूनच. "लोक तुम्हाला दार उघडत नाहीत म्हणे, मावशी."

"माझं चुकलं का?"

"एक माणूस वाचला तुमच्यामुळे."

"मी ते नाही विचारलं."

मावशीचं काम बाईनं दुसऱ्याला दिलं, आणि तो दुसरा म्हणजे गवंडी. परांची सुटली होती, घरी बसून तो कावला होता. कुबड्यांवर दारोदार फिरायचा, विजारीचा दुमडून टाचलेला पाय लोकांपुढं करायचा आणि म्हणायचा, "हे बघा. पाय गेला, घर नाही गेलं." लोक ऐकायचे. मावशीनं वर्षभरात नेली नसतील एवढी माणसं त्यानं दोन-चार महिन्यांत नेली. हे तिला कळायचं. बरंही वाटायचं, आणि आत काहीतरी तुटायचंही.

फिरत फिरत एक दिवस तो तिच्या दारात आला.

"सगळ्या घरी जायचं असतं, म्हणून आलोय," तो म्हणाला. "तुम्हाला काही त्रास?"

"मला कसला त्रास?"

गवंड्याची नजर तिच्या पायांवर होती. सुजून टम्म झालेले, चपलेचे पट्टे मांसात रुतलेले. लॉजवर दोन चादरी उचलल्या की तिला दम लागत होता, रात्री पाठीला भिंत घेऊन बसून झोपावं लागत होतं. तिनं साडी ओढून पाय झाकले.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली.

"तू दादाचं बोललीस तसं?"

मावशीनं मान खाली घातली. माफी मागायचं तिच्या मनात आलं, पण कशाची मागायची तेच ठरेना. गवंड्यानं कुबडी काखेत घेतली.

"मी तुला माफबिफ केलेलं नाही, मावशी," तो म्हणाला. "लाजेनं आई तोंड फिरवून गेली माझ्यापासून. ते नाही विसरणार मी. सकाळी लवकर तयार राहा, रांग मोठी असते."

ती गेली. हृदय थकलं होतं, गोळ्या लागू झाल्या, सूज उतरली. रांगेत गवंडी तिच्या शेजारी बसला.

वस्तीत आता मेलेल्यांना घरचेच आंघोळ घालतात, जमेल तशी. मावशी लॉजवर बसल्या जागी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करते. जवळपास कुठून रडारड ऐकू आली की हातातला अभ्रा बाजूला ठेवते, हात स्वच्छ धुते, पदराला पुसते आणि काही वेळ तशीच उभी राहते. कुणी येत नाही. मग ती पुन्हा बसते.