एक्केचाळिसावा फॉर्म

एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा मला वाटायचं, समाज म्हणजे दुसरे लोक. आमच्या सरांनाही तसंच वाटत असावं, कारण प्रबंधासाठी त्यांनी मला ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांवर धाडलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाळीस आगरी घरं, चाळीस फॉर्म, आणि प्रत्येकात एक रकाना: बायका विटाळ किती दिवस पाळतात?

कुणी एखादा दिवस पाळत होतं, कुणी मुळीच नाही. डोक्यावर मिठाची टोपली घेतलेली एक बाई तर प्रश्न ऐकून हसतच सुटली. "चार दिस बसलू तं मीठ कोन वाहील?" मग माझ्या कागदांकडे हनुवटी करून म्हणाली, "न तुमचे घरान गो?"

आणि तुमच्या घरात काय, असं ती मलाच विचारत होती. मला राग आला, आधी तिचा, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःचा. आमच्या शिकल्यासवरलेल्या, इंग्रजी वर्तमानपत्र घेणाऱ्या घरात बायका दर महिन्याला चार दिवस मागच्या पडवीत बसत. त्यांना पाणी वरून ओतायचं, ताट लांबून सरकवायचं, त्यांनी हात लावलेलं वर्तमानपत्रसुद्धा कुणी उचलायचं नाही. मीही बसायची. त्या दिवसांत मला विद्यापीठात जायची मात्र मुभा होती. वडिलांच्या मते विटाळ घराला होत असे, विद्यापीठाला नाही.

त्या संध्याकाळी मी एक्केचाळिसावा फॉर्म भरला. माहिती आईने दिली, तांदूळ निवडता निवडता, एकदाही न हसता. कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय: सरकारी हेडक्लार्क. विटाळ: पूर्ण चार दिवस. त्यावर मी प्रबंधात एक आख्खं पान लिहिलं.

प्रबंध द्यायला पाच दिवस उरले होते. माझं इंग्रजी तपासायची वडिलांना हौस होती. मिठागरांची पानं वाचताना ते "अरेरे, अज्ञान" म्हणत होते. मग ते पान आलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"हे पान काढ."

"कोणतं?"

"तुला माहीत आहे."

"नाही. तुम्ही वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं नाही. जे आमच्याकडून आयुष्यभर करवून घेतलं, ते त्यांना तोंडाने उच्चारता येईना. मला त्यांची दया यायला हवी होती, पण नाही आली. शेवटी एवढंच म्हणाले, "सकाळी बघतो. ते पान असेल तर सगळा गठ्ठा बंबात जाईल. मग एम.ए. पुरे झालं तुझं."

ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. पान काढलं असतं तर प्रबंध वाचला असता, पण मिठागरातल्या त्या बाईसमोर मला पुन्हा उभं राहता आलं नसतं.

सकाळी ते उठायच्या आत मी मागच्या पडवीत जाऊन बसले आणि सगळे कागद माझ्याभोवती पसरले. वडील आले आणि उंबऱ्याशीच थबकले.

"कागद?"

"सगळ्यांना हात लागलाय माझा."

त्यांनी वाकून ते उचलले असते, तर माझं पान खोटं ठरलं असतं आणि मीच ते आनंदाने फाडलं असतं. ते वाकले नाहीत. मग पूजेला गेले.

चार दिवस मी तिथे बसून प्रबंध पुरा केला. चौथ्या सकाळी वडिलांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आईला विचारलं, "आज संपतंय ना?" गठ्ठा उद्या सकाळी द्यायचा होता. आज मी न्हाले, तर तो आजच बंबात जाणार होता.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. माझी पाळी यायला दहा-बारा दिवस अवकाश होता. आणि पापड कधी लाटायचे, लोणचं कधी घालायचं हे सगळं त्यावर ठरत असल्याने घरातल्या प्रत्येक बाईची तारीख आईला तोंडपाठ होती.

"या वेळी पाच दिवस लागतील तिला," आई म्हणाली. आई कधी खोटं बोलत नसे.

वडील ऑफिसला गेल्यावर तिने माझं ताट आणलं. लांबून सरकवलं नाही. कागद बाजूला करून माझ्याजवळ बसली आणि त्या पानावर हात ठेवून म्हणाली, "इतकी वर्षं बसले मी इथे. आज पहिल्यांदा उपयोग झाला."