व्याह्यांनी धुतलेले गोळे

तुम्ही आयुष्यभर केलेलं काम बादलीभर पाण्यात बुडवून ठेवलं, तर चार दिवसांनी त्यातलं किती उरेल? हसू नका. आमच्या कोरडेकाकांचं काहीच उरत नाही, आणि उरत नाही म्हणूनच त्यांचा माल खपतो.

काका लेथवर धातूचे गोळे काततात. लिंबाएवढे, चकचकीत, हातात घ्यावेत तर हलके. तेलाच्या विहिरीत खोलवर नळीचं तोंड बंद करायला हा गोळा सोडतात. काम संपलं की तिथल्या खाऱ्या पाण्यात तो आपसूक विरघळतो, काढायला कुणाला जावं लागत नाही. त्यामुळे काकांच्या खात्यात पाण्याला बंदी. कुणी आत आलं की काका रामराम करत नाहीत, विचारतात, "हात पुसलेस?" साहेबालाही विचारतात. म्हणून ते कोरडेकाका.

घरी काकूंची वेगळीच तक्रार. "लोकांचे नवरे बाकं बनवतात, कपाटं बनवतात. ह्यांनी तीस वर्षांत काय बनवलं, तर दाखवायला काही नाही."

निवृत्तीला दोन महिने होते, तेव्हा चाळीस गोळे गायब झाले. कागदावर माल काकांकडून निघालेला, पण कोठारात जमा झालेला नव्हता. मॅनेजरने काकांना चोरीची नोटीस दिली. मी कामगारांच्या बाजूने भांडतो. कायदा मी कॉलेजात नाही, गेटवर शिकलो. नोटीस वाचून माझं डोकं फिरलं.

"काका, गोळ्यांची पेटी कुणाच्या हातात दिलीत?"

"दिली कुणाच्या तरी."

"कुणाच्या?"

काकांनी फडक्याने तळहात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.

कोठारवाले म्हणजे काकांचे व्याही, लेकीचे सासरे. उभं आयुष्य पोलादी नटबोल्ट सांभाळून आठच दिवसांपूर्वी आमच्या कोठारावर आलेले. मी तिथे गेलो, तर माझ्याकडे न बघता रिकामी बादली घासत होते. वर भिंतीवर मॅनेजरच्या सहीचा हुकूम: 'कोणताही माल धुतल्याशिवाय जमा करून घेऊ नये.'

मी परत येऊन काकांसमोर बसलो. "व्याह्यांनी गोळे धुतले ना?"

"भिजत घातले," काका हळूच म्हणाले. "बोअरच्या खाऱ्या पाण्यात. मग चार दिवस कारखाना बंद. उघडल्यावर मला त्यांचा फोन, 'व्याही, तुमच्या मालाला मळ फार हो, खाली नुसता गाळ निघाला, आणि गोळे काही सापडत नाहीत.'"

"तुम्ही आधी सांगितलं नाहीत, पाणी लावू नका म्हणून?"

"मुलीच्या सासऱ्याला सांगू? हात पुसा म्हणून?"

"साहेबाला सांगता की."

"साहेबाच्या घरी माझी लेक नांदत नाही."

चोर म्हणून घरी जायला काका तयार होते, पण व्याह्यांकडे बोट दाखवायला नाही. "विहीणबाई उद्यापासून पोरीला चहा देतानासुद्धा टोमणे ऐकवतील," म्हणाले. "तू त्यांचं नाव घ्यायचं नाहीस. शपथ आहे."

नाव घेणार नाही म्हणालो. भिंतीवरचा हुकूम काढायला तर शपथ आड येत नव्हती.

चौकशीला मी एक गोळा घेऊन गेलो. मॅनेजरच्या टेबलावर गरम पाण्याचा ग्लास मागवला, त्यात मूठभर मीठ टाकलं. काकांनी मायक्रोमीटर लावून गोळा मोजला, मॅनेजरने आकडा स्वतःच्या हाताने लिहिला, आणि गोळा आत सोडला. बुडबुडे यायला लागले.

"हे काय चाललंय?" मॅनेजर म्हणाले.

"चोरी. तुमच्या डोळ्यांदेखत. जेवून या."

जेवून आले तेव्हा पाणी गढूळ आणि गोळा काळपट. काकांनी पुसून मोजला, अर्ध्या मिलिमीटरने कमी. मी हुकूम टेबलावर ठेवला. "चार दिवस बादलीत ठेवल्यावर काय झालं असेल, हिशोब तुम्हीच करा. आणि ही सही कुणाची?"

मॅनेजर सहीकडे इतका वेळ बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाची असावी. कोपऱ्यात बसलेल्या व्याह्यांनी मान वर केली. "म्हणजे तो मळ नव्हता?"

"नव्हता हो," काका म्हणाले. एवढ्या प्रेमाने मी त्यांना कधी बोलताना ऐकलेलं नाही.

नोटीस मागे घेतली गेली. निवृत्तीच्या दिवशी व्याह्यांनी काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घालून एक गोळा भेट दिला. मॅनेजरकडून लेखी परवानगी काढून. काकूंनी तो फडताळात मधोमध ठेवलाय. आलागेला बरणी उघडून बघतो आणि काकू सांगतात, "आमच्या ह्यांनी केलाय."

तुम्हीही या, बघा, हातात घ्या. फक्त आधी हात पुसा. आणि तेव्हा व्याही तिथे असले आणि ओलं फडकं घेऊन उठले, तर काका काही बोलणार नाहीत. तेवढं तुम्ही बोला.